आण्णा नको म्हणतात आणि डॉक्टर करा म्हणतात

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते.

"मावशी, आम्ही फलटणजवळच्या गावात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. त्याच्या शूच्या जागेची कातडी मागे जात नाही, शू करताना तिथे फुग्यासारखं फुगतं आणि धार अगदी बारीक येते. वर्षभरात दोनदा ताप आला आणि लघवीत इन्फेक्शन निघालं. तो तान्हा असताना सासूबाई आणि मालिशवाली बाई रोज तेल लावून कातडी मागे ओढायच्या, फार रडायचा. पुण्याच्या लहान मुलांच्या सर्जननी दोन महिने मलम दिलं, फरक पडला नाही. आता म्हणतात टोकाला पांढरं कडक वळं झालंय, ऑपरेशन करून कातडी काढू. सासरे, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, ते ऐकूनच घेत नाहीत. म्हणतात आपल्यात सुंता करत नाहीत, महाराज नसते तर सगळ्यांची सुंता झाली असती हे लहानपणापासून ऐकत आलो आणि तुम्ही पैसे मोजून करून घेताय. मिस्टर गप्प. मी रात्री मोबाईलवर वाचत बसते, एक जण लिहितो याने एड्स कॅन्सर काही होत नाही, दुसरा लिहितो हा मुलांवरचा अत्याचार आहे, जर्मनीत कोर्टाने गुन्हा ठरवलाय. पुढे लग्न, मूलबाळ यात काही अडचण येईल का? करू का नको? आणि पोराला काय सांगू?"

अगं पोरी, पत्र दोनदा वाचलं. मी बत्तीस वर्षं सिस्टर म्हणून ड्युटी केली, त्यातली निम्मी लहान मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात, तेव्हा हे ऑपरेशन झालेली पोरं किती सांभाळली त्याची मोजदाद नाही. मी डॉक्टर नाही आणि तुझ्या मुलाला मी पाहिलेलं नाही हे धरूनच पुढचं वाच. पण एक गोष्ट पहिल्याच झटक्यात सांगते, तू रात्री जागून जे भांडण वाचतेस ना, ते तुझ्या पोराचं नाहीच.

ते भांडण आहे ठणठणीत बाळाचं. म्हणजे ज्याला काहीही झालेलं नाही अशा बाळाची कातडी धर्म म्हणून, रिवाज म्हणून किंवा पुढे आजार होऊ नये म्हणून काढावी का नाही, यावर जगात वाद चाललाय, आणि तो खरा वाद आहे, दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली म्हटलं की फायदे धोक्यापेक्षा जास्त आहेत, पण इतकेही नाहीत की सगळ्याच बाळांचं करा म्हणावं, तेव्हा आईबापांनी ठरवावं. त्याच्या दोनच वर्षं आधी हॉलंडच्या डॉक्टरांच्या संघटनेने बरोब्बर उलटं म्हटलं होतं की आजार नसताना हे करू नये, मुलगा मोठा झाला की त्याचं तो ठरवेल. तू जर्मनीचं वाचलंस ते पण २०१२ चंच, कोलोन शहरात चार वर्षांच्या एका मुस्लिम मुलाला सुंतेनंतर रक्तस्राव झाला, केस कोर्टात गेली आणि कोर्ट म्हणालं ही शरीराला केलेली इजा आहे. पण पुढचं कुणी लिहीत नाही बघ, त्याच वर्षी डिसेंबरमधे जर्मनीच्या संसदेने कायदाच केला की आईवडिलांना हे करून घेता येईल, फक्त ते नीट वैद्यकीय पद्धतीने व्हायला पाहिजे. आणि त्या कोर्टात सुद्धा प्रश्न आजार नसलेल्या मुलाचा होता. आजार आहे म्हणून करायच्या ऑपरेशनला त्या वादातल्या शहाण्या माणसांपैकी कुणीच अत्याचार म्हणत नाही.

एड्सचं म्हणशील तर तेही अर्धं खरं आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथे मोठ्या पुरुषांवर तीन अभ्यास झाले, २००५ ते २००७ मधे त्यांचे रिझल्ट आले, आणि बाईकडून पुरुषाला एचआयव्ही होण्याचं प्रमाण सुंता केलेल्यांमधे साधारण ६० टक्क्यांनी कमी निघालं. त्यावरून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या देशांसाठी, जिथे रोग घरोघरी पोचला होता, ही शिफारस केली. साठ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, कंडोम लागतोच, आणि पहिलीतल्या पोराशी त्याचा आज काय संबंध? कॅन्सरचंही तसंच, त्या जागेचा कॅन्सर मुळातच क्वचित होतो, आणि ज्यांना होतो त्यांच्यात कातडी घट्ट असणं आणि तिथली सफाई न होणं ही मोठी कारणं असतात. एक मुद्दा मात्र तुझ्या कामाचा आहे, लघवीचं इन्फेक्शन. तान्ह्या मुलांमधे सुंता केल्यावर ते बऱ्यापैकी कमी होतं, पण निरोगी मुलांना ते मुळात होतंच इतकं कमी की एक इन्फेक्शन टाळायला शंभरेक मुलांचं ऑपरेशन करावं लागतं, म्हणून नुसत्या त्या कारणासाठी कुणी निरोगी बाळाला टेबलावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला एकदा नाही, दोनदा होऊन गेलंय त्याचा हिशोब वेगळा.

आता तुझ्या मुलाकडे येते.

जन्मतः कातडी चिकटलेलीच असते, ती मागे जात नाही हा आजार नव्हे. १९४९ साली ब्रिटनमधे डग्लस गेअर्डनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने हे मोजून दाखवलं, नवजात बाळांमधे शंभरातल्या जेमतेम चार मुलांची कातडी पूर्ण मागे जाते, बाकीच्यांची हळूहळू वर्षावर्षाने आपोआप सुटते. डेन्मार्कमधे पुढे शाळेतली दोनेक हजार मुलं वर्षानुवर्षं तपासली, १९६८ मधे तो अभ्यास आला, सहा-सात वर्षांच्या मुलांत शंभरात आठेक जणांची घट्ट होती आणि सोळा-सतराव्या वर्षी जेमतेम एकाची. म्हणजे बाकीच्यांची कुणी कात्री न लावता सुटली. एवढंच काय, शू करताना थोडं फुगणं हे सुद्धा काही मुलांत कातडी सुटत असताना होतं, दुखत नसेल आणि धार बरी असेल तर नुसत्या फुगण्यावरून ऑपरेशन करत नाहीत. हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतेय कारण हा कॉलम वाचणाऱ्या दुसऱ्या आया पण असतील, ज्यांचं पोर तीन वर्षांचं आहे आणि कुणीतरी सांगितलंय कातडी मागे जात नाही, कापा. त्यांनी थांबायचं, घाई करायची नाही, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं.

आणि ओढायचं नाही. हे मला मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटतं. आपल्याकडे घराघरात हे चालतं, बाळाला पाटावर पायावर घेऊन तेल चोपडायचं आणि "मोकळं झालं पाहिजे" म्हणत कातडी मागे सारायची. आतून चिकटलेली ती कातडी ओढली की तिला बारीक बारीक चिरा पडतात, रक्ताचा एखादा थेंब येतो, पोर किंचाळतं, मग ती चीर भरून येताना आकसते आणि पुढच्या वेळी आणखी घट्ट होते. मी तीन वर्षांचं पोर बघितलंय ज्याची कातडी घरच्यांनी जोर लावून मागे नेली आणि ती पुढे येईना, मागे दोरी बांधल्यासारखी अडकली, पुढचा भाग सुजून जांभळा झाला, रात्री दीड वाजता आणलं होतं त्याला. असं झालं तर सकाळची वाट बघायची नसते, तासांचा प्रश्न असतो. पण सासूबाईंवर याचं खापर फोडू नकोस. त्यांनी मायेनेच केलं, त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं असेल, मालिशवाल्या बाईलाही कुणी वेगळं सांगितलेलं नसतं. आणि पांढरं कडक वळं होतं तो आजार ओढल्यामुळेच होतो असं म्हणता येत नाही, न ओढलेल्या मुलांनाही होतो. तेव्हा ती गोष्ट घरात पुन्हा उकरून काढू नकोस, फक्त पुढच्या नातवाच्या वेळी तेवढं सांग.

ते पांढरं कडक वळं, सगळं तिथे अडलंय बघ. साधी घट्ट कातडी असली की टोक मऊ असतं, हलक्या हाताने जरा मागे सारली की आतली लालसर कातडी फुलासारखी उमलताना दिसते. आणि आजार असला की टोक पांढुरकं, जाड, चिवट होतं, उमलत नाही, भोक दाभणाएवढं राहतं. त्याला डॉक्टर बीएक्सओ म्हणतात. साध्या घट्टपणाला स्टिरॉइडचं मलम चार ते आठ आठवडे नीट लावलं तर दहातल्या सात-आठ मुलांना गुण येतो आणि ऑपरेशन टळतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी मलम दिलं हे मला फार बरं वाटलं, सरळ कापा म्हणणारे ते नाहीत. पण बीएक्सओला मलमाचा फारसा उपयोग होत नाही, आणि तसंच सोडून दिलं तर ते आत सरकतं, लघवीचं भोक बारीक होतं, काहींची पुढे मूत्रनलिका आकसते, मग जे ऑपरेशन लागतं त्यापुढे हे काहीच नाही. मुलांमधे बीएक्सओवर कातडी पूर्ण काढणं हाच खात्रीचा उपाय आहे आणि बहुतेकांचा आजार तिथेच संपतो. नुसती कातडी रुंद करायचं छोटं ऑपरेशन असतं, ते साध्या घट्टपणात चालतं, यात नाही.

तेव्हा तू मला विचारतेस करू का नको, तर पत्रात लिहिलंस ते सगळं तसंच असेल, वळं, बारीक धार, दोन इन्फेक्शनं, मलम लागू न पडणं, तर मी करून घेईन. माझा नातू असता तरी हेच सांगितलं असतं. मनाचं समाधान व्हायला आणखी एका लहान मुलांच्या सर्जनला दाखवून घे, त्यात तुमच्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. आणि भेटीत हे विचार: बीएक्सओ आहे असं वाटतंय का, काढलेली कातडी तपासणीला पाठवणार ना, भूल कोण देणार आणि कमरेखाली बधिर करायचं इंजेक्शनही देणार का, कारण ते दिलं की शुद्धीवर आल्यावरचे पहिले काही तास पोर शांत राहतं. दोनदा इन्फेक्शन झालंय तर किडनीची सोनोग्राफी केली का तेही विचार. आणि तुझ्या माहेरी किंवा नात्यात कुणा पुरुषाला जखम झाली की रक्त थांबत नाही असं असेल तर ते न विचारता आधी सांग.

यावरून आठवलं. आमच्या वॉर्डात एक सिस्टर होत्या, अलिबागकडच्या, आडनाव गावावरून पडलेलं, बोलणं तुझ्यामाझ्यासारखं अस्सल मराठी, आणि धर्माने ज्यू, बेने इस्राएल. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. शेकडो वर्षं बाहेरच्या ज्यूंशी संबंध नव्हता तरी त्यांनी दोन-तीन गोष्टी सोडल्या नाहीत, त्यातली एक म्हणजे मुलाची आठव्या दिवशी सुंता. त्या सांगायच्या, बाळ जरा जरी आजारी असलं, अगदी नुसती कावीळ असली तरी आठवा दिवस पुढे ढकलतात, आणि त्यांच्या तालमुद या जुन्या धर्मग्रंथात असं आहे की एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली तर तिसऱ्याची करायचीच नाही. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आनुवंशिक आजार, हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्यांच्यात हे देवाशी केलेला करार मानतात, त्यांनीसुद्धा पोराचा जीव आधी ठेवला. मुसलमान कुटुंबंही वॉर्डात यायची, बरीचशी हल्ली दवाखान्यातच सुंता करून घेतात, पूर्वी हज्जाम घरी येऊन करायचा आणि त्यातली काही पोरं रक्त थांबत नाही म्हणून आमच्याकडे यायची. त्या आयांचे चेहरे आणि तुझ्यासारख्या आजारासाठी आलेल्या आयांचे चेहरे, ऑपरेशनच्या दाराबाहेर काही फरक नसायचा गं.

आता आण्णा. त्यांना अडाणी, जुनाट असं कुणी म्हणू नका, तूही मनात आणू नकोस. त्यांच्या पिढीने फाळणीच्या गोष्टी ऐकल्यात, कातडी बघून माणसं मारली ती, दोन्हीकडची. मुंबईच्या दंगलीतही ती भीती होती. त्यामुळे या एका कातडीला आपल्याकडे धर्माचा शिक्का चिकटलाय आणि नातवाच्या अंगावर तो शिक्का बसेल असं त्यांना वाटतंय, ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. पण त्यांनी महाराजांचं नाव घेतलंय ना, मग महाराजांचंच सांग. नेताजी पालकरांना औरंगजेबाने मुसलमान केलं, नऊ-दहा वर्षं ते तसे राहिले, आणि १६७६ साली परत आले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं, आपलं म्हणून घेतलं. आणि तुम्ही तर फलटणचे. तुमच्या फलटणच्या बजाजी निंबाळकरांना विजापूरकरांनी बाटवलं होतं, ते परत आल्यावर महाराजांनी आपली लेक सखूबाई त्यांच्या मुलाला, महादजीला दिली, हे आण्णांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. जबरदस्तीने बाटवलेल्या माणसाला ज्यांनी जवळ घेतलं, त्यांनी आजारापायी ऑपरेशन झालेल्या सहा वर्षांच्या पोराला परकं मानलं असतं का? एवढं विचार आणि गप्प बस, लगेच उत्तर मागू नकोस.

आणि सुंता हा शब्द घरात वापरूच नका. सुंता हा विधी आहे, त्यामागे श्रद्धा असते, प्रार्थना असते, जेवण असतं. तुमच्या मुलाचं होणार ते आजाराचं ऑपरेशन आहे, जसं टॉन्सिलचं, हर्नियाचं. गावात सांगायचीही गरज नाही, लघवीच्या जागेचं छोटं ऑपरेशन होतं एवढं पुरे, ते खरंच आहे. पुढच्या भेटीला आण्णांना बरोबर घेऊन जा, तू आणि मिस्टर बोलून जे होणार नाही ते डॉक्टरांनी समोर बसवून ते वळं दाखवलं की होईल. आणि तुझ्या मिस्टरांना माझा निरोप दे, पोर तुमचंही आहे, गप्प बसून चालणार नाही, वडिलांशी बोलायचं काम बायकोवर टाकू नका.

लग्न, मूलबाळ, यात काहीही अडचण येत नाही. जगातल्या साधारण तीस ते चाळीस टक्के पुरुषांची सुंता झालेली आहे आणि त्यांचे संसार चाललेत. कातडी नाजूक असते, ती काढल्याने संवेदना कमी होते का यावर उलटसुलट बोललं जातं, आफ्रिकेतल्या त्या अभ्यासात पुरुषांना विचारलं तेव्हा फारसा फरक सापडला नव्हता. मुलं होण्याशी तर त्या कातडीचा संबंधच नाही.

पोराला काय सांगायचं, यावर तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, मला ते सगळ्यात आधी महत्त्वाचं वाटलं. खोटं सांगू नकोस. "फिरायला जायचंय" म्हणून आणलेली पोरं मी पाहिलीत, भूल उतरल्यावर ती आईकडे बघत नाहीत. दोन-तीन दिवस आधी साध्या शब्दात सांग की तुझी शू नीट बाहेर येत नाही ना, पुढची कातडी घट्ट झालीय, डॉक्टर तुला झोपवून ती काढणार, झोपेत दुखणार नाही, उठल्यावर थोडं दुखेल, औषध देऊ, आणि तुझी शूची जागा तशीच राहणार आहे. हे शेवटचं वाक्य तीनदा सांग. कारण आपल्याकडे काका मामा लहान पोरांना गंमत म्हणून "थांब, तुझी नुनी कापून टाकतो" म्हणतात. एक पाच वर्षांचा मुलगा शुद्धीवर आल्याआल्या चादर उचलून बघायला लागला आणि आहे हे दिसल्यावर ओक्साबोक्शी रडला, दुखतंय म्हणून नाही, सुटका झाली म्हणून. तेव्हा घरात कुणी असं बोलत असेल तर आजपासून बंद करा.

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. टाके विरघळणारे असतात, काढायला जावं लागत नाही. पहिली शू करताना तो घाबरेल, मग कोमट पाण्याच्या टबात बसव आणि तिथेच करू दे, डॉक्टरांनी टबात बसायला कधीपासून सांगितलंय ते मात्र विचारून घे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज असते आणि टोकावर पिवळसर थर धरतो, सगळ्या आया त्याला पू समजून धावत येतात, तो जखम भरण्याचा थर असतो, खरवडायचा नाही. पण रक्त फडक्यातून झिरपत राहिलं, सात-आठ तासात शू झाली नाही, ताप चढला किंवा लाली पोटाकडे पसरली तर मात्र थांबू नका. हळद, राख, कुणाचा लेप काही लावायचं नाही. शाळेला आठ-दहा दिवस सुट्टी, सायकल तीन आठवडे बंद.

आणि चड्डी घालता येत नाही पहिले चार-पाच दिवस, कापड घासलं की पोर कळवळतं. वॉर्डात आम्ही जुन्या मऊ धोतराच्या छोट्या लुंग्या करून ठेवायचो, दहा वर्षं धुतलेलं धोतर असलं की त्यासारखं दुसरं काही नाही. आण्णांकडे तसं एखादं असेलच. ऑपरेशनची तारीख ठरली की त्यांच्याकडून ते मागून घे, आणि फाडायचं काम त्यांनाच सांग.